सातपुड्यात टेंट घेऊन स्वतःच्या गाडीनं, चार रात्री: प्लॅन पाहून सांगा भाऊ

संत्रावाला_वरूड
नमस्कार मंडळी. आंबिया बहार विकून मोकळा झालो, हरभऱ्याले पाणी देणं झालं की जानेवारीत चार रात्रीसाठी निघाव म्हणतो. गाडी बोलेरो, माणसं सहा. मी, बायको, दोन पोट्टे (एक बारा वर्षाचा, एक आठचा), साळा आन् त्याची बायको. हॉटेलात थांबाचं नाही, टेंटच लावाचा, पोट्ट्यांचा हट्ट हाय आन् खरं सांगू त मायाही. प्लॅन असा बनवला, पहिल्या दिवशी वरूडहून परतवाडा, चिखलदरा, रात्री टेंट गाविलगड किल्ल्यावर. दुसऱ्या दिवशी सेमाडोह, सिपना नदीच्या काठावर टेंट. तिसऱ्या दिवशी धारणीहून बैतूल, बैतूलहून पचमढी, टेंट जंगलात जिथं चांगली जागा दिसन तिथं. चौथी रात्र पातालकोट, मंग छिंदवाड्याहून घरी. रोडगे आन् वांग्याच्या भाजीचं सामान घरून नेतो, गोवऱ्या पण, रोडगे त्याच्याच आगीत भाजाचे. साळा म्हणते फोर बाय फोर गाडी भाड्यानं घ्या, बोलेरो नाही चालत. बरोबर हाय का? काही चुकत असन त सांगजा.

सिपनाकाठ
भाऊ, प्लॅन मन लावून बनवला दिसते पण चारपैकी तीन रात्री तुमाले लावता येत नाहीत, म्हणून आधी तेच सांगतो, बाकीचं मंग.

मी धारणीकडचा. गाविलगड वन विभागाच्या हद्दीत हाय, मेळघाट व्याघ्र प्रकल्पात, आन् किल्ला पुरातत्त्व खात्याचं संरक्षित स्मारक हाय ते वेगळं. दिवसा पाहून या, १८०३ मध्ये आर्थर वेलस्लीच्या फौजेनं जिथून तट फोडला थे बाजू पाहा, फोटो काढा, पण दिवस बुडाच्या आत खाली. रात्री तिथं टेंट म्हणजे सरळ केस. सेमाडोहच्या नदीकाठाचं तेच. मेळघाट १९७४ पासून व्याघ्र प्रकल्प हाय, देशातल्या पहिल्या नऊपैकी एक, तिथं नदीकाठ दिसला की चूल मांडली असं होत नाही. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा, त्याचं कलम २७ म्हणते परवानगीशिवाय अभयारण्यात जाता येत नाही, आन् कलम ३० म्हणते आग लावायची नाही, पेटवायची नाही, जळती ठेवून जायची नाही. म्हंजे तुमचे रोडगे गेले.

पचमढीकडं "जिथं जागा दिसन तिथं" हे तर विसरूनच जा. पचमढी अभयारण्य, बोरी अभयारण्य आन् सातपुडा राष्ट्रीय उद्यान मिळून तिकडचा व्याघ्र प्रकल्प बनते. जागा दिसते तिथं वाघाचीच असते.

संत्रावाला_वरूड
मंग यूट्यूबवर लोक टाकून राह्यले ते कसे? परवाच पाह्यलं, नदीच्या काठी टेंट, शेकोटी, गिटार वाजवून राह्यले.

सिपनाकाठ
त्यातले निम्मे एखाद्याच्या खासगी प्लॉटवर असतात, कॅमेरा फक्त नदीकडं फिरवतात. उरलेल्यांचा दंड किती झाला ते व्हिडिओत येत नाही.

बोलेरो_काका_अकोट
सिपनाकाठ बरोबर बोलले. मी गाडीबद्दल सांगतो, तेवढंच मले समजते.

साळ्याले सांगा फोर बाय फोरची हौस लेह-लडाखसाठी ठेव. तुमी ज्या रस्त्यानं जाऊन राह्यले थो सगळा डांबरी हाय, खड्डे असतील पण डांबरी. बोलेरोले काही होत नाही. जे होते ते लोडमुळं होते. सहा माणसं, वर कॅरिअरवर टेंट, गाद्या, वीस लिटरच्या कॅन, गॅस. वजनी सामान वर ठेवू नका, पाण्याच्या कॅन खाली मधात ठेवा, वर फक्त टेंट-सतरंज्या असं हलकं. नाही त घाटाच्या वळणावर गाडी अंगावर आल्यासारखी झुकते. टायरात हवा लोडच्या हिशोबानं, दरवाज्याच्या पट्टीवर स्टिकर असते, त्यात दोन आकडे असतात, भरल्या गाडीचा मोठा आकडा घ्याचा.

घाट उतरताना ब्रेकवर पाय ठेवून ठेवून उतराल त खाली येईपर्यंत ब्रेक जळल्याचा वास येते आन् मंग पॅडल मऊ पडते. ज्या गिअरात चढले असते त्याच गिअरात उतरा, इंजिन गाडी धरते. आन् नूट्रलात डिझल वाचवाच्या भानगडीत पडू नका, इकडं अजूनही असे शहाणे हायेत. अरुंद जागी समोरून चढणारी गाडी आली त उतरणाऱ्यानं थांबाचं, तो नियमच हाय, पण ट्रकवाल्याले नियम शिकवाले जाऊ नका, जागा पाहून आपणच बाजूले व्हा.

स्टेपनीची हवा घरीच चेक करा, जॅक आन् पाना गाडीत हाय का ते पण. बऱ्याच जणांच्या बोलेरोचा जॅक ट्रॅक्टरखाली असते.

संत्रावाला_वरूड
काका तुमाले कसं माहीत 😂 खरंच तिथंच हाय.

मोर्शीची_माहेरवाशीण
सगळे गाडी आणि कायद्यावर बोलत आहेत, बायकांचं कोणी विचारलं नाही म्हणून लिहिते. दादा, तुमच्यासोबत दोन बायका आणि दोन लेकरं आहेत. "जंगलात जागा दिसेल तिथं" म्हणजे सकाळी पाच वाजता थंडीत अंधारात त्यांनी कुठं जायचं? आधी वहिनींना विचारलं का? मुक्काम ठरवताना पहिला प्रश्न संडास-बाथरूम आहे का हाच विचारा, व्ह्यू नंतर. फोनवर विचारा, पाणी चोवीस तास का, दार आतून लागतं का, लाईट आहे का. बहुतेक कॅम्पवाले "सगळं आहे ताई" म्हणतात, फोटो मागवा.

थंडीचं सांगते. जानेवारीत पचमढीला पहाटे गवतावरचं दव गोठतं असं वर्षावर्षाला होतं, तिथली उंची हजार मीटरच्या वर आहे. आपल्या वावरातली थंडी वेगळी आणि ही वेगळी. लोक अंगावर चार चादरी घेतात आणि खाली पातळ सतरंजी टाकतात, मग रात्रभर कुडकुडतात कारण थंडी खालून जमिनीतून येते. खाली जाड फोमची मॅट, नाहीतर दुहेरी गोधडी, त्याखाली ताडपत्री. ताडपत्री टेंटच्या बाहेर निघाली नाही पाहिजे, नाहीतर दवाचं पाणी त्यावर जमतं आणि खाली शिरतं. लेकरांना टोपरं आणि पायमोजे, झोपायचे कपडे कोरडे वेगळे ठेवा, दिवसभर घातलेले घामट कपडे घालून झोपू देऊ नका.

आणि कृपा करून थंडी वाजते म्हणून शेगडी किंवा गॅस टेंटच्या आत पेटवू नका. टेंटची चेन लावली की कोळशाचा कार्बन मोनॉक्साईड आत साचतो, त्याला वास नाही, माणूस झोपेतच जातो. टेंटची वरची जाळी थोडी उघडी ठेवायचीच, त्यानं सकाळी आतून पाणीही कमी टपकतं.

पुण्यात_पण_अमरावतीचा
माझं मत थोडं कडू वाटेल. तुम्ही चार रात्रींत मेळघाट, पचमढी आणि पातालकोट तिन्ही कोंबलेत. धारणीहून बैतूलमार्गे पचमढी नकाशावर बोटभर दिसतं, पण तो दिवस पूर्ण गाडीतच जातो आणि पचमढीला अंधारात पोहोचता. जानेवारीत सहाच्या आसपास सूर्य मावळतो, दरीत तर उजेड त्याच्याही आधी संपतो. टेंट अंधारात लावणं म्हणजे खुंट्या कुठं, दोऱ्या कुठं, पोरं रडतायत, बायको गप्प. (गप्प हे जास्त वाईट.)

कॅम्पिंगच्या ट्रिपमध्ये रस्ता आधी आणि मुक्काम नंतर असं ठरवलं की ट्रिप फसते. उलटं करा. आधी कायदेशीर, पाण्याची, संडासाची आणि चारच्या आत पोहोचता येईल अशी मुक्कामाची ठिकाणं ठरवा, मग त्यांना जोडणारा रस्ता आपोआप ठरतो. त्या हिशोबानं एकतर मेळघाट करा नाहीतर तामिया (पातालकोटजवळचं गाव) आणि पचमढी. दोन्ही नको.

वरूडकरांना तामियाची बाजू सोपी आहे. वरूड, पांढुर्णा, सौंसर, शिलेवानी घाट, छिंदवाडा, परासिया, तामिया. दोनशे किलोमीटरच्या आसपास, सकाळी सहाला निघालात तर थांबत थांबत दुपारी तामियात. तामियाहून देलाखारी, मटकुली आणि मटकुलीला वळलं की पचमढी. (आणि हो, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी चुकूनही पांढुर्ण्यातून जाऊ नका, गोटमार असते, दोन गावं एकमेकांवर दगड मारतात. जानेवारीत काही नाही.)

सिपनाकाठ
मेळघाटाले नाही म्हणू नका राव 😀 पण बरोबर हाय, दोन्ही एकाच खेपेत नको.

मेळघाट करायचाच असन तर असा करा. पहिली रात्र मोथा किंवा चिखलदऱ्याच्या बाजूले खासगी जागेवर, तिथं काही जण टेंट लावून देतात, काही जण आपला टेंट लावू देतात, आधी फोन करून पक्कं करा. जानेवारी म्हणजे मोथ्याकडं स्ट्रॉबेरीचा सीझन, पोट्टे खुश. दुसरी-तिसरी रात्र सेमाडोह नाही त कोलकास, वन विभागाचे कुटीर आन् विश्रामगृह हायेत, बुकिंग ऑनलाईन वन विभागाच्या साइटवर. टेंट नाही, पण सिपनाचा आवाज तोच. परतवाड्यालेच डिझल फुल करा. नेटवर्क घटांगच्या पुढं कधी हाय कधी नाही, मॅप आधीच ऑफलाईन घेऊन ठेवा. आन् रात्री जंगलातल्या रस्त्यानं गाडी टाकायचा प्लॅनच करू नका, चेकनाक्याचे टाईम बदलत राहतात, त्याच दिवशी विचारा.

कोरकू आदिवासींच्या गावात थांबले त एक गोष्ट. गाडी थांबली की लेकराले चॉकलेट-बिस्कीट वाटत फोटो काढू नका. बफरमध्ये (व्याघ्र प्रकल्पाचा बाहेरचा पट्टा) गावाच्या जागेवर रात्र काढायची असन त पोलीस पाटील आन् ग्रामसभेले विचारा, वनहक्क कायदा २००६ चा झाल्यापासून बऱ्याच गावांचा आपल्या जंगलावर सामूहिक हक्क हाय, जागा रिकामी दिसली म्हणजे कोणाची नाही असं नसते. एखाद्या घरी सांगून जेवण बनवून घ्या, पैसे द्या. कुटकीचा भात खाऊन पाहा.

संत्रावाला_वरूड
बायकोले हे सगळं वाचून दाखवलं. माहेरवाशीण ताईंचं पोस्ट ऐकून ती म्हणे "पाह्य, बाहेरच्या लोकाले समजते, तुले नाही." म्हणून आता संडासवालंच पाहणार हाय 🙏 तामिया-पचमढीच फायनल करतो. पण पातालकोटात खाली टेंट लावता येते का?

महादेवाचा_भगत
भाऊ आमी दरसाल महाशिवरात्रीले पचमढीजवळ चौरागडले त्रिशूल घेऊन जातो, आन् नागपंचमीच्या आधी तिकडंच नागद्वारच्या यात्रेले. आख्खा विदर्भ तिथं असते. पावसात ताडपत्रीखाली झोपतो, टेंट कायचा आन् मॅट कायची. तुमी लोकं जरा जास्तच तयारी करून राह्यले असं वाटते.

मोर्शीची_माहेरवाशीण
यात्रेत हजारो माणसं असतात, भंडारे असतात, डॉक्टरचा कॅम्प असतो, पोलीस असतात. सहा माणसांच्या बोलेरोमागं यातलं काही नसतं, म्हणून तयारी.

महादेवाचा_भगत
हे पण खरं. मंग एक कामाचं सांगतो. पचमढीत बऱ्याच पॉइंटले आपली गाडी नेऊ देत नाहीत, बी फॉल, धूपगड अशांसाठी जिप्सी करावी लागते, परवाना बायसन लॉजवर मिळते. सकाळी लवकर जा, गर्दी होते. धूपगड १३५२ मीटर, सातपुड्यातलं सगळ्यात उंच, सूर्यास्ताले जाता त स्वेटर घेऊन जा. बोलेरो तेव्हा मुक्कामावर उभी राहीन, हे बजेटमध्ये धरा.

पुण्यात_पण_अमरावतीचा
पातालकोटबद्दल. घोड्याच्या नालेसारखी दरी आहे, कडे हजारावर फुटांचे, खाली बारा गावं, भारिया आणि गोंड लोक राहतात, दुधी नदी तिथूनच वाहते. वरून कड्यावरून पाहायला अप्रतिम. खाली स्वतःचा टेंट ठोकू नका असंच सांगेन, ते लोकांचं घर आहे, कॅम्पग्राऊंड नाही. तामियाच्या आजूबाजूच्या गावांत होमस्टे आहेत, अंगणात टेंट लावू का म्हणून विचारलं तर काही जण हो म्हणतात, जेवण त्यांच्या चुलीवरचं आणि संडासाचा प्रश्न सुटतो. दोन रात्री तिथं काढा, एक सकाळ पातालकोटला द्या, गावातला एखादा पोरगा वाटाड्या म्हणून घ्या.

पीएचसी_वाला
मी दवाखान्यात कामाले हाव, म्हणून सापाचं सांगतो. हिवाळ्यात साप कमी निघतात पण निघत नाहीत असं नाही. मण्यार रात्री फिरते आन् जमिनीवर झोपलेल्या माणसाले चावते, बहुतेक वेळा दुखत नाही, सुजत नाही, सकाळी पोट दुखते, पापण्या जड होतात, तोवर उशीर होते. म्हणून टेंटची चेन कायम बंद, आत जाताना आन् बाहेर येताना दोन्ही वेळा. बूट टेंटच्या आत ठेवा नाही त गाडीत, घालायच्या आधी झटका. रात्री उठले त टॉर्च पायाजवळ मारत चाला.

चावलंच त दोरी आवळून बांधू नका, ब्लेड मारू नका, मांत्रिकाकडं जाऊ नका. हातपाय हलू देऊ नका, फळीचा आधार देऊन १०८ ले फोन, नाही त गाडीत टाकून सरळ मोठ्या दवाखान्यात. लस एकच, नाग, मण्यार, घोणस आन् फुरसं चारही सापांवर चालते, म्हणून साप मारून सोबत आणायची गरज नाही, असे महाभाग दर पावसाळ्यात येतात आमच्याकडं, पिशवीत साप आन् साप जिवंत. प्रत्येक मुक्कामाहून जवळचा सरकारी दवाखाना कुठं हाय ते निघायच्या आधी कागदावर लिहून घ्या, मोबाईलमध्ये नाही, रेंज गेली की तो डबा हाय.

जेवण टेंटमध्ये ठेवू नका. बिस्कीट, फळं, उरलेलं सगळं गाडीत, काच बंद. अस्वल वासावर येते आन् ते वाघासारखं बाजूनं निघून जात नाही.

संत्रावाला_वरूड
पीएचसीवाले भाऊ तुमचं पोस्ट साळ्याच्या बायकोनं वाचलं, ती आता येत नाही म्हणते 😭

पीएचसी_वाला
तिले सांगा, घरी वावरात याच्यापेक्षा जास्त साप हायेत.

बोलेरो_काका_अकोट
😂 बरोबर हाय. त्यावरून सांगतो, तुमी जागलीले जाता ना? तुरीत, हरभऱ्यात डुक्करं येतात म्हणून रात्र काढतच असाल. तेच कॅम्पिंग हाय, फक्त टेंट नवा. निघायच्या आधी एक रात्र वावरात टेंट ठोका, सगळ्यांले तिथं झोपवा. कोणती खुंटी कमी हाय, मॅट पुरते का, पोट्ट्याले रात्री किती वेळा उठावं लागते, सगळं समजते. आन् रोडगे तिथंच भाजून घ्या, गोवऱ्या वाया नाही जात. आपलंच वावर, आपलीच आग, फक्त रात्री पाणी टाकून विझवा, जवळ सोयाबीनचं कुटार असते.

सिपनाकाठ
काकांचा आयडिया एकदम बरोबर. आगीचं अजून एक, लोक म्हणतात छोटीशी शेकोटीनं काय होते. जानेवारीत गवत वाळायले लागलेलं असते, फेब्रुवारीपासून जूनपर्यंत आमच्याकडं वणव्याचा सीझन, मोहफूल वेचायसाठी झाडाखालचा पाला जाळतात त्यानंही आग पसरते, मंग फायर वॉचरची पोरं फांद्या घेऊन डोंगरभर पळतात. त्यांच्यात माहेरचे-सासरचे आमचेच लोक असतात. म्हणून एवढं बोलतो.

मोर्शीची_माहेरवाशीण
प्रवासात स्वयंपाक करायचाच असेल तर पाच किलोचा छोटा सिलेंडर आणि एक शेगडी, जागेच्या मालकाला विचारून, मोकळ्यावर, वाऱ्याच्या आड. पहिल्या दिवशीचं घरूनच न्या, भाकरी, ठेचा, सुकी भाजी, शेंगदाण्याची चटणी. गरम फक्त चहा आणि खिचडी. सहा माणसांना पिणं-रांधणं मिळून दिवसाला वीस लिटरची एक कॅन लागते, रोज सकाळी भरूनच निघा. आणि सगळा कचरा, लेकरांचे कुरकुऱ्याचे पाकीट, सगळं पोत्यात परत वरूडला.

संत्रावाला_वरूड
ओके, नवीन प्लॅन. या शनिवारी वावरात टेंट आन् रोडगे, साळ्याची बायको पण येते म्हणाली (वावरापर्यंत). मंग जानेवारीत, दिवस एक, सकाळी सहाले निघून पांढुर्णा-सौंसर-छिंदवाडा-तामिया, होमस्टेच्या अंगणात टेंट, दोन रात्री, मधल्या दिवशी पातालकोट वरून. तिसऱ्या दिवशी मटकुलीवरून पचमढी, दुपारी पोहचू, तिथं टेंटवाल्या कॅम्पवर दोन रात्री, संडास-बाथरूमचे फोटो मागवले, एकानं पाठवले, एकानं "आ जाओ सर सब है" म्हटलं, पहिल्याचंच बुक करतो. चौथ्या दिवशी जिप्सीनं धूपगड. पाचव्या दिवशी इटारसी-बैतूल-मुलताईवरून घरी, मुलताईले तापीच्या उगमावर दर्शन.

पुण्यात_पण_अमरावतीचा
वापसीचा दिवस बदला. पचमढी-पिपरिया-इटारसी, मग बरेठा घाट, बैतूल, मुलताई, वरूड, तीनशेच्या वर जातं, आणि शेवटच्या दिवशी सगळे थकलेले असतात. आले त्याच रस्त्यानं परत या. तापी कुठं पळून जात नाही, मुलताई तुम्हाला तासाभराचा रस्ता, एखाद्या रविवारी प्रभात पट्टणवरून जाऊन या.

बोलेरो_काका_अकोट
आन् शिलेवानी घाटात जानेवारीत सकाळी धुकं असते, वापसीत पण. फॉग लाईट चालू हायेत का पाहा, आमच्या बोलेरोची एक बंदच असते नेहमी. दोन्ही वेळा नऊनंतर घाटात लागा.

संत्रावाला_वरूड
सहाले निघालो त नऊच्या आधी घाटात पोहोचत नाही काका, पांढुर्ण्यात चहा, सौंसरमध्ये नाश्ता. वापसी त्याच रस्त्यानं, पक्कं. टेंट सहा माणसाचा एक घ्यावा का तीन-तीनचे दोन?

मोर्शीची_माहेरवाशीण
दोन. साळेबुवा घोरतात का ते वहिनीला विचारा.